पक्ष सोडला, तर आमदारकीही सोडावी

महोदय,

मार्च 2019 मधल्या एका मध्यरात्री गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघांनी प्रभारी सभापतींना पत्र दिले. आपला विधिमंडळ पक्ष भारतीय जनता पक्षात विलीन झाला आहे, असे त्यात लिहिले होते. तिसरे आमदार सुदिन ढवळीकर तेव्हा उपमुख्यमंत्री होते. त्यांना हे विलीनीकरण मान्य नव्हते. मगोप हा पक्षही कुठे विलीन झाला नव्हता. त्याची समिती, कार्यालय, चिन्ह सगळे जागेवर होते. तरीही तीनपैकी दोन म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश, आणि तेवढ्यावर दोघांची आमदारकी शाबूत राहिली. त्यांच्यातला एकटाच गेला असता, तर त्याच्यावर अपात्रतेची तलवार असती. मतदाराशी केलेली प्रतारणा तीच. मग एकट्याने केली तर गुन्हा आणि जोडीने केली तर विलीनीकरण, हा न्याय कुठला?

पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी राहावी का, या प्रश्नावर आपल्याकडे भावनेच्या भरात बरेच बोलले जाते आणि कायद्याचा मजकूर फारसा कुणी उघडून पाहत नाही. राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आले. त्याचा दुसरा परिच्छेद सांगतो की सदस्याने स्वखुशीने पक्षाचे सदस्यत्व सोडले, किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिप) मत दिले अथवा मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर तो अपात्र. ‘सदस्यत्व सोडणे’ म्हणजे केवळ राजीनाम्याचा कागद नव्हे, सदस्याच्या वागण्यावरूनही ते ठरवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितले. ते प्रकरण गोव्याचेच होते, रवी नाईक यांचे. म्हणजे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे: पक्ष सोडला की जागा जाते. हे तत्त्व ज्या तीन ठिकाणी गळते, ती ठिकाणे बुजवावीत एवढेच या पत्रात म्हणायचे आहे.

त्याआधी रोग कुठला, हे पाहायला हवे. 1967 च्या निवडणुकीनंतर हरियाणातल्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द रूढ झाला. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतराचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेला एक आकडा आजही पाठ असावा असा आहे. पक्षांतर केलेल्या 210 आमदारांपैकी 116 जणांना, त्यांच्याच मदतीने बनलेल्या सरकारांत मंत्रिपद मिळाले होते. निम्म्याहून जास्त! आमिष मंत्रिपदाचे आहे, हे समितीने ओळखले. म्हणून तिचा भर पक्षांतर करणाऱ्याला वर्षभर किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नये, यावर होता. 1985 च्या कायद्याने मात्र मंत्रिपदाला हात न लावता संख्येचा उंबरठा बांधला. एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’, आणि दोन-तृतीयांश गेले तर ‘विलीनीकरण’. 1991 मध्ये छगन भुजबळ यांचा गट शिवसेनेतून बाहेर पडला तो या एक-तृतीयांशच्या आधाराने. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ही फुटीची सोय रद्द केली, मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणला आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येणार नाही, अशी तरतूद 164 व्या अनुच्छेदात घातली. विलीनीकरणाची तरतूद मात्र तशीच ठेवली.

पहिली गळती ती. परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदात दोन वाक्ये आहेत. पहिले वाक्य ‘मूळ राजकीय पक्षाच्या’ विलीनीकरणाबद्दल आहे. दुसरे सांगते की विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी संमती दिली, तरच असे विलीनीकरण झाले असे मानायचे. सरळ वाचन असे, की आधी पक्ष विलीन व्हावा आणि मग आमदारांची संमती मोजावी. प्रत्यक्षात पहिले वाक्य बाजूला पडले. जुलै 2019 मध्ये गोव्यात काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. काँग्रेस पक्ष देशभर होता तिथेच होता. सभापतींनी अपात्रतेच्या याचिका एप्रिल 2021 मध्ये फेटाळल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय 24 फेब्रुवारी 2022 रोजी कायम केला. तोवर पुढच्या विधानसभेचे मतदान होऊन दहा दिवस झाले होते! त्याच निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 जण गेले. अकराचे दोन-तृतीयांश सात आणि काही अंश, म्हणून आठ. शपथ कामाला आली नाही, कारण कायद्याने नेमका आकडा हाती दिला होता. असा आकडा पक्षांतर थांबवत नाही, किती जण जमेपर्यंत थांबायचे ते सांगतो.

महाराष्ट्रात 2022 आणि 2023 मध्ये जे झाले ते याहून वेगळे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांकडे दोन-तृतीयांश संख्या होती, पण ते कुणातही विलीन झाले नाहीत. आम्हीच मूळ पक्ष, असा त्यांचा दावा होता. फूट हा बचाव 2003 मध्ये गेला, विलीनीकरण केले नाही, तरी जागा राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने 11 मे 2023 रोजी स्पष्ट केले की पक्षादेश काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. पुढे 10 जानेवारी 2024 च्या निकालात अध्यक्षांनी मूळ पक्ष कोणता हे ठरवताना निर्णायक वजन दिले ते विधिमंडळातल्या बहुमताला. ज्यांच्यावर पक्ष सोडल्याचा आरोप, त्यांचीच डोकी मोजून पक्ष कोणाचा हे ठरले. दोन्ही गटांतले कुणीच अपात्र झाले नाही. एका बाजूचे तर प्रतिस्पर्धी गटाचा पक्षादेश त्यांच्या हाती नीट पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून वाचले. पक्षादेश बजावल्याची पोच ही क्षुल्लक बाब वाटते, पण निम्मी प्रकरणे तिथेच लंगडी पडू शकतात. आदेश कुणी काढला, त्याला तो अधिकार होता का, आमदाराच्या हाती केव्हा पडला, सही कुठे आहे, हे सगळे कागदावर लागते.

दुसरी गळती म्हणजे निर्णय देणारी खुर्ची. सहाव्या परिच्छेदाने हा अधिकार अध्यक्षांना दिला. 1992 च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था टिकवली, पण या कामात अध्यक्ष म्हणजे न्यायाधिकरण असून त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल, असेही सांगितले. अडचण अशी की तपासायला आधी निर्णय झालेला असावा लागतो. निर्णयच न देणे हे सर्वांत सोपे हत्यार ठरले आहे. महाराष्ट्राच्या 1986 च्या नियमांनुसार याचिकेची प्रत मिळाल्यापासून उत्तरासाठी सात दिवस असतात. जून 2022 मध्ये उपाध्यक्षांनी 16 आमदारांना 48 तासांच्या आसपास वेळ दिला. घाईचा आक्षेप आला आणि सर्वोच्च न्यायालयाने 12 जुलैपर्यंत मुदत वाढवली. तोवर सरकार बदलले होते, नवे अध्यक्ष आले होते. त्यानंतर अठरा महिने गेले. न्यायालयाने 31 डिसेंबर 2023 ही तारीख घालून दिली, मग आणखी दहा दिवस वाढवले, तेव्हा निकाल आला. आधी अतिघाई, मग अतिविलंब. दोन्ही वेळा खुर्चीवर एका बाजूचा माणूस होता.

हा एकाच पक्षाचा दोष नाही. तेलंगणात डिसेंबर 2023 मध्ये भारत राष्ट्र समितीकडून निवडून आलेले दहा आमदार काँग्रेसकडे वळले. त्यांतले खैरताबादचे आमदार दानम नागेंदर यांनी तर आमदारकी न सोडता 2024 ची लोकसभा सिकंदराबादमधून काँग्रेसच्या तिकिटावर लढवली. पक्ष सोडल्याचा याहून ठळक पुरावा कोणता असतो? तरी सर्वोच्च न्यायालयाला 31 जुलै 2025 रोजी अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय द्या, असे सांगावे लागले. उलट उदाहरणही आहे. राज्यसभेचे तत्कालीन सभापती व्यंकय्या नायडू यांनी शरद यादव आणि अली अन्वर यांच्याविरुद्धच्या याचिका 2017 मध्ये साधारण तीन महिन्यांत निकाली काढल्या. काम तीन महिन्यांत होते. 2020 च्या मणिपूर प्रकरणात न्यायालयाने हीच मुदत घालून दिली आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा, असे संसदेला सुचवले. घटनेत दुसरा नमुना तयार आहे. लाभाचे पद धारण करण्यासारख्या अन्य अपात्रतेत 192 व्या अनुच्छेदानुसार निवडणूक आयोगाच्या मतानुसार राज्यपाल निर्णय देतात. आपल्या नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत सदस्याने पक्ष बदलला तर 1986 च्या राज्य अधिनियमाप्रमाणे वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो, नगराध्यक्षांपुढे नव्हे. गावपातळीवर जे समजते, ते विधानसभेच्या पायरीशी का अडावे?

तिसरी गळती राजीनाम्याची. सामूहिक राजीनामे स्वीकारले गेले की दहावे परिशिष्ट सहसा लागत नाही. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार पडले. त्यांतले दोघे एप्रिलमध्येच मंत्री झाले, कारण सभागृहाचा सदस्य नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येते. सहा महिने भरले, पोटनिवडणूक झालेली नव्हती, म्हणून ऑक्टोबरमध्ये दोघांना पायउतार व्हावे लागले. पण पोटनिवडणुकीला सामोरे जाताना सत्तेचे सहा महिने त्यांना मिळालेच. मंत्रिबंदी ‘अपात्र ठरलेल्या’ आमदारापुरती आहे, राजीनामा देणाऱ्याला नाही. ही एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि तिचा परिणाम सगळ्यांत मोठा असेल.

राजीनामा देऊन मतदारांपुढे जाणे मात्र मला सन्मानाचे वाटते. उदयनराजे भोसले मे 2019 मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून सुमारे 87 हजार मतांनी हरले. 2005 मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसकडून मालवणची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. कर्नाटकात 2019 च्या डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक झालेल्या 15 जागांपैकी 12 भाजपने जिंकल्या. निकाल कधी असा, कधी तसा. मतदाराला विचारले गेले, यातच सगळे आले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 151अ कलमानुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर अपवाद. पोटनिवडणुकीच्या खर्चाचे कारण पुढे केले जाते, ते मला पटत नाही. हॉटेलांत आणि विमानांत आमदारांना आठवडेच्या आठवडे ठेवणाऱ्या राजकारणाने खर्चाचा मुद्दा काढू नये.

एक आक्षेप मात्र खरा आहे. आमदाराने प्रत्येक विधेयकावर पक्षादेश पाळायचा, तर सभागृहात त्याचे काम हात वर करण्यापुरतेच राहते. आपल्या तालुक्याचे पाणी पळवणाऱ्या विधेयकाला विरोध केला म्हणून आमदारकी जाणे हेही चूकच. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्ये पक्षादेशाची सक्ती विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवावी, असे सुचवले होते. त्यात अर्थसंकल्प जोडावा, बाकी मते मोकळी ठेवावीत. पक्षात राहून विरोधात मत देणे आणि पक्ष सोडून समोरच्या बाकावर जाऊन बसणे, हे दोन्ही कायद्याने एकाच मापाने मोजू नयेत. तसेच, पक्षाने हाकललेल्या सदस्याची जागा जाऊ नये, नाहीतर पक्षश्रेष्ठींना न आवडणारा प्रत्येक आमदार उद्या घरी बसेल.

म्हणून मागणी अशी. चौथा परिच्छेद वगळावा. एक असो की चाळीस, पक्ष सोडणाऱ्याची जागा रिकामी व्हावी. पक्षांतराच्या याचिका निवडणूक आयोगाच्या मतानुसार राज्यपालांनी 90 दिवसांत निकाली काढाव्यात, आणि याचिका प्रलंबित असेपर्यंत त्या सदस्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळू नये. राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यालाही पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिबंदी लागू व्हावी. 2003 मध्ये दहाव्या परिशिष्टाचा तिसरा परिच्छेद संसदेने घटनादुरुस्ती करूनच काढला. चौथा काढायलाही तोच मार्ग आहे, आणि महाराष्ट्र व गोव्याच्या 50 लोकसभा खासदारांनी ती मागणी सभागृहात मांडावी.

आपला नम्र,
एक मतदार, सातारा