आमच्या घरात आज्जी पडली नाही, 'गिर गई' : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच सरकारने या भाषेला अभिजात दर्जा दिला, त्यामुळे ती वाचता येणारा एखादा माणूस आपल्या कचेरीत असेल असं धरून चालतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. ते गच्चीवर चढून अँटेना फिरवायचे, मी रस्त्यात उभा राहून खिडकीतून आलेलं "आलं, आलं... गेलं!" वर पोचवायचो. आता सेट-टॉप बॉक्स आणि जळालेली पॅनल येतात. सांगायचा मुद्दा, टीव्हीला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. माझी चूल त्याच्यावर पेटते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जेवणं झालेली. मी आणि बायको पुढच्या खोलीत. आमची साडेचार वर्षांची मुलगी आतून पळत आली आणि ओरडली, "बचाओ, बचाओ! आज्जी गिर गई!"

हे ती दिवसातून दहा वेळा ओरडते, टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमधलं. कधी हत्ती गिरतो, कधी राक्षस गिरतो, कधी सोफ्यावरून तीच गिरते. बायको म्हणाली, "जा, लाडू खायला घाल तिला, उठेल." आम्ही दोघं हसलो. मुलगी परत गेली, परत आली, तेच वाक्य, तोच कार्टूनमधला चढा आवाज. तिसऱ्यांदा ती खरी रडायला लागली तेव्हा मी उठलो. आई मोरीत पडली होती. उजवं मनगट वाकडं झालेलं. दहा मिनिटं तरी ती तशीच होती.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "पोरगी येऊन सांगत होती की रे. तुम्ही हसताय ते मला आत ऐकू येत होतं."

दोष माझाच. लिहून देतो, सही करून देतो. पोरीला टीव्हीपुढे बसवून जेवू घालणारे आम्हीच. पण साहेब, माझ्या घरात घाबरण्याची भाषा बदलली आणि मला पत्ता लागला नाही. ठेच लागली की ती "आई गं" म्हणत नाही, "आह" म्हणते. राग आला की "छोडूंगा नहीं" म्हणते, तेही मुलगी असून. आई तिला रोज रात्री गोष्ट सांगते, तिथे पोरगी मध्येच विचारते, "आज्जी, रान म्हणजे जंगल का?" प्लास्टरमधल्या हातानेही आई सांगतेच आहे. हिशेब केला. रोज दोन तास टीव्ही, म्हणजे वर्षाचे ७३० तास. आईची गोष्ट रोज दहा मिनिटं, म्हणजे वर्षाचे साठ. हिशेब कच्चा आहे, कारण सुट्टीच्या दिवशी दोन तासांवर कोण थांबतं?

हे सगळं मी रीतसर एका सरकारी कार्यालयाला कळवलं होतं. नाव घेत नाही, ते बिचारं एकटं नाही. मागणी साधी होती. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवर मुलांसाठी रोज अर्धा तास, चांगल्या मराठीत, ठरलेल्या वेळी. आणि जुन्या मराठी बालकार्यक्रमांच्या टेप कुठे आहेत ते सांगा. सोळाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. अर्धा तास कुठाय? टेप कुठायत? काही नाही. निकाली.

म्हणून आता जाहीर लिहितो.

आमच्या वयाची माणसं हल्ली एकमेकांना जुन्या कार्टूनच्या चित्रफिती पाठवतात आणि खाली लिहितात, "आपल्या वेळची मजा नाही राहिली." मलाही उमाळा येतो. १९९३ साली रविवारी सकाळी मोगली लागायचा. वडिलांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले सेट एका फळीवर मांडलेले असायचे, आणि वडील 'चेक करायला' म्हणून सगळे एकदम लावायचे. सात टीव्ही, साती मोगली. एक रंगीत, चार कृष्णधवल, एकात चित्र खालून वर पळायचं, आणि एका शटरवाल्या लाकडी सेटमध्ये नुसता आवाज, पडद्यावर मुंग्या. दुकानाबाहेर वीस-पंचवीस पोरं पायरीवर बसलेली. पळणाऱ्या चित्रासमोर ज्याला जागा मिळायची तो मान वरखाली करत बघायचा. अर्धा तास. मग वडील मेन स्विच बंद करायचे आणि पोरं उठून खरोखरच्या झाडांवर चढायला जायची. उरलेला आठवडा आम्ही तो मोगली मराठीत खेळायचो. शेरखान कोण होणार यावरून मारामाऱ्या, त्याही अस्सल विट्याच्या भाषेत.

पण उमाळा बाजूला ठेवून एक गोष्ट कबूल करायला हवी. ते कार्टूनही आमच्या भाषेत नव्हतं. चित्रं जपानी, गोष्ट इंग्रजी, संवाद हिंदी. शेरखानाला आवाज कुणाचा? नाना पाटेकरांचा. मुरुड-जंजिऱ्याचा माणूस, पण वाघ झाला आणि हिंदीत डरकाळला. त्याच्याही आधीचं उदाहरण घ्या. फिल्म्स डिव्हिजनची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची कार्टून फिल्म. चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ती. देशातल्या एका अख्ख्या पिढीला ती पाठ आहे. ती कुणी केली? विजया मुळे यांनी. नाव उच्चारून बघा, साहेब. माणसं आमची, डोकं आमचं, आवाज आमचा आणि बघणारी पोरंही आमची. भाषा तेवढी आमची धरायची नाही, हा रिवाज तेव्हापासूनचा आहे. तेव्हा तो आठवड्यातून अर्धा तास होता म्हणून सोसला. आता तो चोवीस तास आहे.

तरी तेव्हा काहीतरी होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यावर 'किलबिल' होतं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर १९८४ मध्ये बालचित्रवाणी निघाली. इन्सॅटचा जमाना होता. उपग्रहावरून खेड्यातल्या पोरांना शिकवायचं म्हणून देशात सहा राज्यांत अशा संस्था काढल्या, त्यातली ही आपली. फार झकपक नव्हती. बाहुल्या थोड्या कडक हलायच्या, काका-मावशी थोडं जास्त गोड बोलायचे. पण त्यात पाऊस आपला पडायचा. बैलाला बैल म्हणायचे, विहिरीला विहीर. हजारो कार्यक्रम केले त्यांनी. मग पैसा आटला, माणसांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये संस्थेला कुलूप लागलं. केंद्राला विचारलं की म्हणतात राज्याचा विषय, राज्याला विचारलं की म्हणतात मूळ योजना केंद्राची. टेपना बुरशी धरते तेव्हा ती अखत्यारी बघून धरत नाही. मी मेकॅनिक आहे, मला विचारा. टेप कोरड्या जागी नसेल तर आतली पट्टी एकमेकांना चिकटते आणि लावली की हेडवर भुकटी सोडते. मग त्यातून काही निघत नाही.

जुन्या टेप सापडत नाहीत म्हणू नका. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चार दिवसांत तुमच्याच दूरदर्शनला रामायण सापडलं. एप्रिलमध्ये मोगलीसुद्धा सापडला, दुपारी एक वाजता लावलात की! लोकांनी घरात बसावं अशी गरज सरकारला पडली, की सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मिळतात.

आता आकडे फेकतो, तुम्हाला आकड्यांची आवड आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. देशात तिसरा नंबर. मल्याळम साडेतीन कोटींच्या आत, पण त्यांच्या पोरांना २०११ पासून स्वतःचा कोच्चू टीव्ही. तमिळ पोरांना २००७ पासून चुट्टी टीव्ही. तेलुगूला खुशी, कन्नडला चिंटू. मराठी पोरांना? मराठी पोरांना अभिजात दर्जा.

त्या वाहिन्या खासगी आहेत, सरकार काय करणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण सह्याद्री खासगी नाही ना? दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीचा १९९० चा कायदा काढून कलम १२ वाचा. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या भाषा आणि संस्कृतींना पुरेशी जागा द्यावी, मुलांच्या हितासाठी खास पावलं उचलावीत, असं त्यात लिहिलंय. कायदा मी केला नाही, तुमच्या संसदेने केला. पैसा नाही म्हणावं, तर फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव करून हजार कोटींच्या घरात मिळवता, पेपरात येतं. मुंबईत ॲनिमेशन आणि गेमिंग शिकवायला सुमारे ४०० कोटींची नवी संस्था काढता. मे २०२५ मध्ये मुंबईतच मोठं जागतिक संमेलन भरवलंत, भारत आता जगाला गोष्टी सांगणार म्हणालात. जगाला सांगा हो, पण विट्याच्या एका पोरीला आधी सांगून बघा. तिथे मात्र १९५५ पासून चालत आलेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विरघळवून टाकलीत. पोरांच्या सिनेमासाठी वेगळी पाटी होती, तीही उतरली.

एक गोष्ट मात्र तुमच्या खात्याला छान जमते. बंदी. २००८ मध्ये शिनचॅन आगाऊ आहे म्हणून बंद केला, मग कापून-कुपून परत सोडला. पोरगा मोठ्यांना उलट बोलतो हे तुम्हाला टोचलं. पोरं कुठल्याच भाषेत सरळ बोलेनाशी झाली हे कुणाला टोचलं नाही.

काही वाहिन्यांवर भाषेचं बटण दाबलं की मराठी येतं, हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकांना ते सेटिंग करून देणारा मीच. पण लाइट जाऊन आली की बऱ्याच बॉक्सवर पुन्हा हिंदी. आणि ते मराठी तरी कसं? "मी तुला नाही सोडणार", "चला, करू या मस्ती". हिंदीच्या अंगात मराठीचा सदरा, तोही उलटा घातलेला. डबिंग करणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. त्यांना जे मिनिटावर मोजून देतात, त्यात एवढंच होणार.

परवा आमच्याकडे दुकानासमोर वाद झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय आला, केवढं रण पेटलं, आणि २९ जूनला तो मागे घेतला. आमचे एक शिक्षक गिऱ्हाईक अजून त्या विजयाच्या खुशीत असतात. मी म्हटलं, गुरुजी, पहिली कसली? माझ्या घरात ती बालवाडीच्या आधी आली, चप्पल काढून कॉटवर बसली, आणि तिला आणायला जीआर लागला नाही. गुरुजींचा नातू तेव्हा आमच्याच दुकानातल्या टीव्हीपुढे बसला होता. कुठल्या भाषेत बघत होता ते विचारू नका. हिंदीवर माझा राग नाही. दुकान चालतं ते हिंदी गाण्यांवरच. पण मोर्चे काढणारे पक्ष, मोर्चे अडवणारे पक्ष, अभिजातचे पेढे वाटणारे आणि पेढे खाणारे, यातल्या एकाने तरी साडेचार वर्षांच्या पोराला संध्याकाळी सहा वाजता मराठीत काय दाखवायचं याचा कागद केला आहे का? मत नाही ना पोरांना. मत असतं तर वॉर्डावॉर्डात बाहुल्या नाचल्या असत्या. अठरा वर्षांचं झालं की येतील सगळे, त्याच्या भाषेत बोलायला. तेव्हा त्याची भाषा कोणती असेल ते त्यांचं त्यांनी शोधावं.

आणि पंतप्रधानांच्या नावाने शैक्षणिक वाहिन्या आहेत, हे उत्तर आधीच परत करतो. फळ्यासमोर उभं राहून शिकवणारे सर मुलाला दिसले की ते रिमोट शोधतं. शाळेतून सुटून आलेल्या पोराला पुन्हा शाळा दाखवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला स्वतःची पोरं नसावीत.

रोज अर्धा तास मागतोय. चोवीस तासांची वाहिनी नको, इमारत नको, कोनशिला नको. बालचित्रवाणीच्या ज्या टेप अजून चालतात त्या आधी लावा. नव्या गोष्टी लिहायला लोक आहेत, काढायला पुण्या-मुंबईत चित्रकार पोरं आहेत, परदेशच्या कार्टूनची चाकरी करून डोळे फोडतायत. आणि टेप साफ करायला माणूस मिळत नसेल तर मी येतो. भाडं माझं मी देईन, चहा तेवढा तुमचा.

कळावे,
टीव्ही दुरुस्तीवाला, विटा

ता. क. : उत्तर पाठवलंत तर 'निकाली काढली' असं कृपया लिहू नका. तो मोबाइलवरचा संदेश मी घरात मोठ्याने वाचला तेव्हा मुलगी शेजारीच होती. तिने विचारलं, "निकाली मतलब, निकाल दिया?" मी हो म्हटलं.