लॅपटॉपचा आवाज मोकळा करून देणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

फोन ठेवताना घाईघाईत नुसतं 'थँक्यू' म्हटलं होतं. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून हे पत्र.

लिनक्स (विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली) टाकल्यापासून आवाजाची पट्टी १०० टक्क्यांवर नेली तरी लॅपटॉप जेमतेम कुजबुजायचा. पंखा चालू असला की व्याख्यान ऐकायला कान अगदी स्क्रीनजवळ न्यावा लागे. ज्याला विचारावं तो सांगे, पट्टी १५० वर ने. नाहीतर लिनक्सच काढून टाक. (हा दुसरा सल्ला लोक कुठल्याही दुखण्यावर देतात.) तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत, "हेडफोनमधून आवाज खणखणीत येतो का?" येत होता. म्हणजे प्लेअर ठीक, फाइल ठीक. अडलंय ते स्पीकरच्या वाटेवर, हे तुम्ही तिथेच ताडलंत.

मग तुम्ही ती वाट समजावलीत. खाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, साउंड कार्ड चालवणारा अल्सा, त्याच्यावर सगळ्या प्रोग्रॅम्सचा आवाज एकत्र करणारा पाइपवायर किंवा जुन्या सिस्टिमवर पल्सऑडिओ, आणि सगळ्यांत वर प्लेअरची स्वतःची पट्टी. गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी मधला एखादा कॉक अर्धवट बंद असेल तर नळाला बारीक धारच यायची, तसं हे. डेस्कटॉपवरची पट्टी सगळं दाखवत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हा अल्साच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडला तर एकच उभा खांब दिसला. "एफ६ दाबा आणि खरं साउंड कार्ड निवडा," तुम्ही म्हणालात, आणि खांबांची रांगच समोर आली. मास्टर भरलेला, हेडफोन भरलेला, 'स्पीकर' अर्ध्याच्याही खाली, आणि 'बास स्पीकर'च्या पायाशी 'एमएम', म्हणजे म्यूट. एम दाबल्यावर तिथे शून्यं आली, म्हणजे म्यूट निघालं, वरच्या बाणाने दोन्ही खांब चढवले, आणि बोलणाऱ्याच्या आवाजाला पहिल्यांदा वजन आलं. बाकीच्या खांबांना तुम्ही हात लावू दिला नाहीत, तेही बरंच केलंत.

शेवटी 'sudo alsactl store' ही आज्ञा तुम्ही अक्षरं सांगून टाइप करून घेतलीत, म्हणजे मशीन पुन्हा चालू केल्यावरही मांडणी टिकावी. टिकली आहे.

१५० टक्क्यांचं कारणही आता पटलं. १०० च्या पुढे सॉफ्टवेअर आकडेच फुगवतं. आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. ढोलकी असली की लगेच कळतं.

काही जुनी रेकॉर्डिंग्ज मुळातच बारीक आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही सुचवलेला इझीइफेक्ट्स या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममधला कंप्रेसर (बारीक आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) अजून लावून पाहायचाय. अडलं तर पुन्हा तुम्हालाच फोन करणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक आभारी लिनक्सवाला