मनगटाला हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं, रात्री पुन्हा एकदा काढून वाचलं. चार ओव्हरमध्ये तीन नो-बॉल आणि पाच वाईड, तेही सगळे लेगला. त्यावर तू लिहितोस, आता मनगट बदलून बघतो. नको रे. मनगटाला हात लावू नकोस. चेंडू हातातून सुटतो खरा, पण तो कुठे जाणार हे पायांनी आधीच ठरवलेलं असतं.

मला हे कळायला दोन मोसम गेले. नो-बॉल पडला की मी रनअपची खूण वीतभर मागे न्यायचो. पुढच्या ओव्हरला पाय रेषेच्या फूटभर मागे पडायचा, की खूण पुन्हा पुढे. शेवटी एका संध्याकाळी मोकळ्या मैदानात गेलो. स्टंप नाहीत, क्रीज नाही, फक्त सुरुवातीची खूण. धाकट्या भावाला बाजूला उभं केलं आणि पुढचा पाय पडेल तिथे चुन्याची चिमूट टाकायला सांगितलं. दहा वेळा पळालो. वळून बघतो तर पांढरे ठिपके दोन फुटांत विखुरलेले. भाऊ म्हणाला, "तू कधी थेट डाव्या पायानं सुटतोस, कधी आधी दोन पावलं चालतोस." बस, तेवढंच होतं. निघताना पडलेला चार बोटांचा फरक पावलागणिक वाढत जातो. मग क्रीज जवळ आली की नजर रेषेवर जाते, आपण शेवटची दोन पावलं आखडतो नाहीतर ताणतो, आणि तोल तिथेच जातो.

म्हणून निघण्याची पद्धत एकदाच ठरव आणि ती मोडू नकोस. अंतर टेपनं मोजून ठेव, कारण पाठीवर वारा असला की पाऊल आपोआप लांबतं आणि अंगात थकवा असला की आखूड होतं. नियमाला पाय पडताना त्याचा थोडासा भाग पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे पुढच्या रेषेच्या, मागे असला तरी पुरतो, नंतर घसरला तरी चालतो. पण तू अर्धं पाऊल मागे धरूनच खूण आख. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये बुमराहच्या नो-बॉलवर फखर झमान ३ धावांवर वाचला आणि पुढे त्यानं ११४ केल्या. ती विकेट आठवली की मला आजही चुटपुट लागते.

आता वाईडचं. तुझी उडी वर जाते, ती पुढे जायला हवी. वर गेलास की मागच्या पायावर आदळतोस, डावा हात घाईनं खाली येतो, त्याच्यामागे डोकं डावीकडे कलतं आणि चेंडू लेगला जातो. मागच्या वेळी तुला टाकताना पाहिलं, तेव्हा चेंडू सुटताना तुझी नजर फलंदाजावर नव्हतीच, जमिनीकडे होती. पुढचा पाय पडेल तेव्हा डोकं त्या पायाच्या सरळ रेषेत आणि डोळे समांतर ठेव. पाऊल फलंदाजाकडे पडू दे. ते आडवं पडलं तर कंबर अडते आणि मग हात अंगाला वळसा घालून आणावा लागतो.

आणि पाठ सांभाळ, हे मी मनापासून सांगतोय. कंबर फलंदाजासमोर आणि खांदे आडवे, अशी मिक्स ॲक्शन झाली की मणक्याचा खालचा भाग पिळला जातो. पुढचा पाय टेकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तो रोज त्या पिळावर पडला तर हाडाला बारीक चीर जाते. तू लिहिलेलं कमरेचं दुखणं अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव.

त्यांनी हरकत नाही म्हटलं की आठवडाभर रनअप बंद ठेव. जागेवर उभा राहून टाक आणि चेंडू सोडल्यावर डाव्या पायावर तीन आकडे मोजेपर्यंत थांब. डगमगलास तर तो चेंडू हिशेबात धरायचा नाही, स्टंप उडाला तरी. मग तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपवरून. पूर्ण रनअप सगळ्यात शेवटी, तोही चुना घेऊन.

दहा ठिपके पडले की सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा यांतलं अंतर मोज आणि मला कळव. वाट बघतोय.

तुझाच,
जुना नेटमधला जोडीदार