शेजारच्या आजींचं कोण बघतं?

यप्सिलँटी, मिशिगन
ऑक्टोबर 2013

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, शेजारच्या आजी एकट्या राहतात, तर त्यांचं कोण बघतं, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आजींचा जन्म 1923 चा. शाळेत असतानाच 1930 च्या दशकातल्या महामंदीत वडिलांचं काम गेलं. एकोणिसाव्या वर्षी त्या इथल्याच विलो रन कारखान्यात लागल्या. फोर्ड कंपनी तिथे दुसऱ्या महायुद्धासाठी बी-24 बाँबफेकी विमानं बांधायची. 1944 मध्ये साधारण तासाला एक विमान तयार व्हायचं, आणि एकूण झाली 8,685! आजी पंखांना रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मारायच्या. एकीने रिव्हेट ठोकायची, दुसरीने मागून लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. दोघींचा मेळ चुकला तर पत्र्याला पोचा. घरी साखर रेशनवर, मोजून. जून 1945 मध्ये शेवटचं विमान बाहेर पडलं आणि त्यांची नोकरी संपली. काम आवडत होतं गं त्यांना. अजून बोलताना हात तसेच हलतात.

मग लग्न, दोन मुलं. दर उन्हाळ्यात पोलिओची धास्ती. 12 एप्रिल 1955 ला जवळच ॲन आर्बरला जाहीर झालं, की डॉक्टर साल्कची पोलिओची लस सुरक्षित आहे आणि लागू पडते. आजी स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होत्या. तिथेच खाली बसून रडल्या म्हणे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नवरा गेला. गाडीसाठी कर्ज मागायला गेल्या, तर बँक म्हणाली, पुरुषाची सही आणा. भावाला न्यावं लागलं. जिने विमानाचे पंख जोडले, तिची सही चालेना! मला हे ऐकून फार संताप आला. बँकांना असा भेदभाव करायला बंदी करणारा कायदा झाला 1974 मध्ये.

तर, त्यांचं बघतं कोण? त्या महामंदीतून जन्मलेल्या 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याचं पेन्शन दरमहा येतं. दवाखान्याचा बराचसा खर्च 1965 च्या मेडिकेअरमधून, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, निघतो. त्याच वर्षी बाहेरच्यांना इथे येऊन राहू देण्याचा जुना देशवार कोटा रद्द झाला, म्हणून तर आपली इतकी माणसं इथे येऊ शकली. मुलगी रविवारी येते. संध्याकाळी मी डोकावते, वरणभात त्यांना आवडतो.

परवा त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. आई, बँकेत तुझ्या एकटीच्या नावाचं खातं कधी उघडलंस? तेव्हा सही कोणाची लागली? मला काहीच माहीत नाही. रविवारी सगळं सांग. बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका हं, तिला सांगू द्या.

तुमची लेक