आघातग्रस्त मुलांसाठी एका दिवसाची कार्यशाळा पुरेशी नाही

महोदय,

हिंसाचार, आपत्ती किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू अनुभवलेल्या मुलांसाठी समुपदेशक नेमावेत, ही मागणी वेळोवेळी होते आणि ती रास्तच आहे. मात्र समुपदेशकाच्या वाट्याला असे मूल आठवड्यातून जेमतेम तासभर येते. उरलेला सारा वेळ ते शिक्षक, वसतिगृहाच्या अधीक्षिका, आजी-आजोबा किंवा सांभाळ करणारे नातलग यांच्याजवळ असते, आणि प्रशिक्षणातून नेमकी हीच मंडळी वगळली जातात.

आघात बसलेले मूल रडतेच असे नाही. दार आपटले की ते दचकते, हाक मारली तरी शून्यात पाहत बसते, मागून खांद्यावर हात पडताच फटका मारते, आणि मग बेशिस्त किंवा बेलक्ष म्हणून शिक्षा भोगते. त्याचे शरीर धोका टळल्यावरही सावधच राहिलेले असते. अशा वेळी चढलेला आवाज त्याची भीती खरी ठरवतो. जाणकार शिक्षिका समोरून येते, हळू बोलते, पुढे काय होणार ते आधी सांगते आणि 'इथे बसतोस की खिडकीपाशी?' एवढी का होईना, निवड त्याच्या हाती देते. हे ऐकायला सोपे वाटते, पण वर्गात चाळीस मुले गोंगाट करत असताना सरावाशिवाय जमत नाही.

'झाले ते सगळे सांगून टाक, मन मोकळे होईल' हा प्रेमळ आग्रहही तितकाच अपायकारक ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका घडलेले सांगण्याची सक्ती करू नये, असेच बजावते. पाहावे, ऐकावे आणि योग्य मदतीशी जोडून द्यावे, हा तिचा गाभा. अर्थात हा प्रथमोपचार आहे, उपचार नव्हे.

एका दिवसाच्या कार्यशाळेने माहिती वाढते, प्रमाणपत्र मिळते (सामूहिक छायाचित्रही निघते!), पण वागण्याच्या सवयी बदलायला पुढे अनुभवी व्यक्तीबरोबर प्रत्यक्ष प्रसंगांची नियमित चर्चा लागते. मुलांचे दुःख रोज ऐकणारी माणसे स्वतःही थकतात, कधी चिडचिडी तर कधी बधिर होतात. ही चर्चा त्यांनाही सावरते. म्हणून संस्थांनी ती कामाच्या वेळेतच धरावी, सुटीनंतरचे जादा काम म्हणून कर्मचाऱ्यांच्या माथी मारू नये.

– एक समुपदेशक