नवरात्राचे उपवास श्रीखंड-पुरीने सोडू नका

महोदय,

नवरात्रात काय चालते आणि काय चालत नाही यावर घराघरांत खल होतो. घट उठल्यावर पहिला घास कशाचा घ्यायचा, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण दसऱ्याचे ताट ठरलेले असते: श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, जोडीला भजी. नऊ दिवस पाण्यावर किंवा कपभर दुधावर काढलेल्या पोटाला हे ताट झेपत नाही.

उठता-बसता उपवास किंवा धान्यफराळ करणाऱ्यांना यात फारसा धोका नाही. रोज खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी खाणाऱ्यांचा त्रास वेगळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, चोथा नावालाच. त्यामुळे पोट साफ होत नाही, जळजळ वाढते. त्यांनी दसऱ्याला भाकरी, दुधी किंवा दोडक्याची भाजी, पातळ वरण आणि भरपूर पाणी घेतले तरी पोट ताळ्यावर येते. खरी काळजी निराहार राहणाऱ्यांची आहे.

उपाशी शरीर साठवलेल्या चरबीवर चालते आणि तेवढ्या दिवसांत फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा आटतो. श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर असते. ती एकदम रक्तात आली की इन्सुलिन उसळते आणि हे क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. मग हातपाय गळतात, छातीत धडधडते, पायांवर सूज येते. फार अशक्त माणसाचे हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. डॉक्टर याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावे. तळणाचा त्रास निराळा. उपवासात पित्ताशयात पित्त साचून दाट होते. तेलकट पोटात गेले की पित्ताशय जोराने आकुंचन पावते, आणि आत खडे असतील तर उजव्या बरगडीखाली असह्य कळ येते.

म्हणून सुरुवात मुगाच्या कढणाने करावी. 2 मोठे चमचे मूगडाळ, 3 कप पाणी, चिमूटभर हळद, पाव चमचा जिरे. मंद आचेवर डाळ पूर्ण फुटेपर्यंत शिजवून रवीने घोटायची आणि शेवटी थोडे सैंधव घालायचे. फोडणी नको, मिरची नको. हे अर्धा कप कढण कोमट असताना दहा मिनिटे घोट घोट घ्यावे. जैन कुटुंबांत अठाईचे, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासाचे, पारणे मुगाच्या पाण्याने करण्याची रीत आहे, ती याच शहाणपणातून. आयुर्वेदातला संसर्जन क्रम, म्हणजे पोटाला पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर आणण्याची पद्धत, हीसुद्धा अशीच हलक्या अन्नापासून चढत जाते: आधी पेज, मग दाट पेज, मग मुगाचे यूष.

दोन तासांनी पेज. पाव वाटी तांदूळ, 2 वाट्या पाणी. शीत बोटांत चिरडले की कणी लागता कामा नये. दुपारी वाटीभर मऊ भात, मेतकूट, लहान चमचाभर तूप. रात्री मुगाची आसट खिचडी आणि उकडलेला दुधी. दुसऱ्या दिवशी पोळीचा फुलका, पातळ ताक, पिकलेले केळे किंवा पपई. उसळी, छोले, कोबी, कच्ची कोशिंबीर तिसऱ्या दिवसापर्यंत लांबच ठेवावी, पोट फुगते. रिकाम्या पोटी कडक चहाही नको.

चूक बहुतेक वेळा दुसऱ्या वाटीला होते. पहिले चार घास गेले की भूक खवळते, आणि पोट भरल्याची जाणीव मात्र उशिरा होते. म्हणून पहिला दिवस ताट मांडूच नये, वाटीतच खावे, आणि पुन्हा वाढण्याआधी वीस मिनिटे थांबावे.

हरतालिकेचा निर्जळी उपवास एका दिवसाचा, तिथे प्रश्न अन्नाचा नसून पाण्याचा आहे. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले की मळमळते. 1 लिटर पाण्यात 6 सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पीत राहावे. गणपतीचे जेवण दुपारी दोन वाजता होणार असेल तर तोवर मऊ भाताची एक वाटी पोटात गेलेली असावी.

मधुमेहींनी उपवासात बंद किंवा कमी केलेली गोळी किंवा इन्सुलिन पारण्याच्या दिवशी पूर्ण मात्रेत आपल्या मनाने सुरू करू नये. खाणे वाटीभर आणि औषध ताटभराचे, असे झाले तर साखर धोकादायक घसरते. मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी नारळपाणी आणि केळे विचारल्याशिवाय घेऊ नये. पारण्यानंतर धाप लागली, भोवळ आली, गोंधळल्यासारखे झाले किंवा पायांना सूज आली, तर ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून झोपवून न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

देवीला नैवेद्य पुरणपोळीचा किंवा श्रीखंडाचाच दाखवावा, त्यात काही बदलायला नको. प्रसादाचा मान चमचाभर खाल्ल्यानेही राहतो. उरलेले श्रीखंड झाकून फ्रीजमध्ये ठेवले तर तिसऱ्या दिवशी, पोट पूर्ववत झाल्यावर, पोळीबरोबर खुशाल खाता येते.

— एक आहारतज्ज्ञ, पुणे