चाके बदलताना मापे बिलावर लिहून मिळावीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात टायर आणि अलॉय चाकांच्या सवलतींच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांत किंमत असते, इंचांचा आकडा असतो, जुन्या टायरच्या बदल्यात किती रक्कम वजा होईल तेही असते; मात्र ते चाक आपल्या गाडीला बसेल की नाही हे कशावरून ठरवायचे, याचा उल्लेख नसतो. दुकानात विचारले तर ‘बसतंय की सर, कालच असल्याच गाडीला लावलंय’ असे उत्तर मिळते. असे चाक नटांवर चढते हे खरे, पण तेवढ्याने ते गाडीला बसले असे होत नाही, हे मला गेल्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात समजले. जो खर्च आणि जी धास्ती आमच्या वाट्याला आली ती इतरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गाडीला कंपनीने १८५/६५ आर १५ मापाचे टायर आणि ६ इंच रुंदीची लोखंडी चाके दिली होती. टायर झिजल्यावर मुलाच्या आग्रहावरून आम्ही १६ इंची, ७ इंच रुंदीची अलॉय आणि त्यांवर २०५/५५ मापाचे टायर घेतले. दुकानदाराने गाडी जॅकवरून उतरवली, रिकाम्या गाडीने आवारात एक फेरी मारली आणि सर्व ठीक असल्याचे सांगितले. पुढच्या रविवारी आम्ही पाच जण सामानासह कासमार्गे बामणोलीला निघालो. शहर मागे टाकून चढ लागला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर मागच्या बाजूने घासल्याचा आवाज आला. पुढच्या दोन वळणांत रबर जळल्याचा वास येऊ लागला. गाडी कडेला घेऊन पाहिले, तेव्हा मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याने मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्यावर सबंध परिघाला चर पाडलेला होता. आम्ही तिथूनच अगदी सावकाश परत फिरलो.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले असल्यामुळे घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. टायरवरील १८५ हा आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा आणि ६५ हा त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे ते सांगणारा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५, वरखाली मिळून २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. नव्या टायरचा व्यास याच रीतीने ६३१.९ आला, म्हणजे वाढ जेमतेम १.७ टक्के. मूळ व्यासापेक्षा साधारण तीन टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये असा संकेत आहे, आणि त्या दृष्टीने दुकानदाराची निवड चुकीची नव्हती. चुकीची ठरली असती ती २०५/६५ आर १५ ही निवड, जी ‘एक नंबर मोठा’ म्हणून अनेकांना सुचवली जाते: तिचा व्यास ६४७.५ मिलिमीटर भरतो, वाढ चार टक्क्यांच्या वर जाते आणि काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावत असते.

मग व्यास जुळूनही टायर घासला का? याचे उत्तर चाकाच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत असते, आणि ते वाचण्याची तसदी ना दुकानदाराने घेतली ना मी. तिथे ‘ईटी’ या अक्षरांपुढे एक आकडा असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसवून नट आवळतात त्याला, टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांत किती मिलिमीटर अंतर आहे, ते तो आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितके चाक गाडीबाहेर सरकते. माझ्या जुन्या चाकावर ४५ होते, नव्यावर ३८. म्हणजे चाक सात मिलिमीटर बाहेर आले. शिवाय रुंदी एक इंचाने वाढल्यामुळे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर अधिक. दोन्ही मिळून चाकाची बाहेरची कड १९.७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर, मडगार्डकडे सरकली होती. आतल्या बाजूला १२.७ मधून ते सात वजा होऊन कड फक्त ५.७ मिलिमीटर आत गेली, त्यामुळे सस्पेन्शनला ती लागली नाही. रिकाम्या गाडीत मडगार्ड आणि टायर यांच्यामधली मोकळी जागा पुरेशी दिसते. पाच माणसे बसून गाडी दबली आणि वळणावर ती एका अंगाला कलली की ती जागा उरत नाही. सपाट आवारातल्या रिकाम्या गाडीच्या फेरीत हे उघड होणे शक्यच नव्हते.

याच चाकांनी दुसरा त्रासही दिला. महामार्गावर पाचवड-भुईंजच्या सरळ रस्त्याला गाडी ८०-९० च्या वेगात आली की स्टिअरिंग थरथरू लागे. तीन वेळा बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट करून घेतले, पैसे मोजले, उपयोग झाला नाही. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने चाक काढून मधले भोक दाखवले. हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाचे भोक ७३.१ मिलिमीटरचे. बाजारातली बहुतेक चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची ओतलेली असतात आणि ती फट भरून काढण्यासाठी आत एक कडी बसवावी लागते. ती कडी माझ्या चाकांत नव्हतीच. चाक हबवर मध्यावर न बसता नुसत्या नटांवर तोललेले होते, आणि नट आवळताना ते केसभर जरी एका बाजूला गेले तरी तेवढी थरथर वेगात हाताला जाणवते. कडी अगदी स्वस्त असते. ती न बसवण्याचे एकच कारण मला दिसते, ते म्हणजे कोणी मोजले नाही.

नटांच्या भोकांच्या वर्तुळाबाबत, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात, विशेष सावध राहावे असे मला वाटते, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजले की झाले. पाच भोकांच्या चाकात समोर भोक नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळात हे अंतर ६७.२ येते आणि ११२ च्या वर्तुळात ६५.८. फरक दीड मिलिमीटरही नाही, आणि नुसत्या पट्टीने तो पकडणे अवघड असल्यामुळे चाकावर कोरलेला आकडा वाचणेच बरे. चार भोकांत ९८ आणि १०० अशी दोन मापे चालतात. एकाचे चाक दुसऱ्यावर जोर लावून चढवता येते, पण मग नट तिरके बसतात आणि पुढे ढिले होतात. नटाची बैठकही जुळली पाहिजे: काही चाकांना शंकूच्या आकाराचा नट लागतो, काहींना गोलाकार बुडाचा. नट किमान स्वतःच्या बोल्टच्या जाडीइतका आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर असलेल्या बोल्टला म्हणजे आठ पूर्ण फेरे. पाना लावण्यापूर्वी हे फेरे हाताने फिरवून मोजता येतात.

टायरवर मापानंतर येणारा आकडा, उदाहरणार्थ ८८, त्या टायरने किती भार पेलायचा ते सांगतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. कंपनीने दिलेल्यापेक्षा हा आकडा खाली जाता कामा नये, मग टायर कितीही स्वस्त मिळो. बाजूवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

गाडीचे मूळ माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या खांबावर लावलेल्या पट्टीवर छापलेला असतो. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने मोठे चाक दिलेले असेल तर ते घेणे सर्वांत निर्धोक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

माझी साताऱ्यातील टायर व्यावसायिकांना कळकळीची विनंती आहे की जुने चाक उतरवण्यापूर्वी त्याचे आणि नव्याचे व्यास, रुंदी, ऑफसेट, पीसीडी, मधले भोक आणि भाराचा आकडा हे बिलावर शेजारी-शेजारी लिहून द्यावेत. टायर चढवलेले चाक सहसा परत घेतले जात नाही, म्हणून आधी नुसते चाक पुढे आणि मागे लावून ते ब्रेकला लागत नाही ना, हबवर टेकते ना, हे ग्राहकासमोर पाहावे. त्यानंतर एका जोडीला टायर बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि मागे तीन माणसे बसवून एक फेरी मारावी. यात फार तर अर्धा तास जातो. ग्राहकांनीही तो मागून घ्यावा आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

मी अखेर मूळ लोखंडी चाके परत बसवली. त्यांचे नट सुदैवाने डिकीत जपून ठेवले होते. ज्यांच्या अलॉयला वेगळे नट लागतात आणि स्टेपनी मात्र मूळ लोखंडी चाकावर आहे, त्यांनी जुने नट दुकानात सोडून येऊ नयेत; अलॉयचे नट स्टेपनीला नीट बसतील याची खात्री नसते, आणि ते कळण्याची वेळ घाटात पंक्चर झाल्यावर येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
शाहूपुरी, सातारा